नागपुरात उघड्या मुळांची स्ट्रॉबेरी: रोपे पहिल्या पंधरवड्यातच का दगावतात?

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण उघड्या मुळांची 20 रोपे मागवली, मनीषनगरमधील घरामागच्या वाफ्यात बागेतल्याच काळ्या मातीत शेणखत मिसळून ती लावली, प्रत्येक रोपाच्या बुडाशी अर्धा चमचा डीएपी हे रासायनिक खत घातले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. पंधरा दिवसांत 14 रोपांचा मधला कोंब काळा पडून ती मेली. सहा उरली आहेत, परंतु महिना होऊनही त्यांना नवे पान फुटलेले नाही. आता कोणते बुरशीनाशक फवारावे, कोणते खत द्यावे, पुन्हा रोपे मागवावीत का, आणि मुळात नागपूरच्या हवेत स्ट्रॉबेरी होते तरी का, असे आपले प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: होते. मी नागपुरात रोपवाटिका चालवतो आणि गेले 11 हिवाळे घरच्या खाण्यापुरती स्ट्रॉबेरी लावत आलो आहे. त्यांतले पहिले दोन हिवाळे पूर्णपणे वाया गेले आणि आपण केलेले वर्णन वाचताना मला तीच दोन वर्षे आठवली, कारण तारीख, माती, डीएपी आणि दोन वेळचे पाणी हे सगळे मीही तसेच केले होते. त्यामुळे आपण औषधाचे नाव विचारले असले, तरी खरी अडचण औषधाची आहे असे मला वाटत नाही. उघड्या मुळांचे रोप आपल्या हातात येते तेव्हा ते जवळजवळ उपाशी असते, आणि त्याने नवी मुळे फोडेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत आपण त्याला कोणत्या हवेत, कोणत्या मातीत आणि किती खोल ठेवतो यावर बहुतेक सगळे ठरते. बुरशी दिसते हे खरे, पण ती बहुधा मागाहून येते.

रोपे प्रत्यक्ष न पाहता नेमके कारण सांगणे अवघड असते, हे मान्य करतो. रोपे विक्रेत्याकडे आणि वाटेत किती दिवस पडून होती, वाण कोणता, आपले पाणी नळाचे की बोअरवेलचे, आणि वाफ्यावर दुपारचे ऊन किती वेळ असते, या चार गोष्टींवर माझे उत्तर बदलेल. मात्र एक तपासणी आपण स्वतः करू शकता. मेलेल्या रोपांपैकी दोन-तीन उपटून धुवा आणि पानांचे देठ जिथे एकत्र येतात तो आखूड, जाडसर बुंधा, ज्याला लागवड करणारे क्राऊन म्हणतात, तो धारदार चाकूने उभा चिरा. आतला भाग वरून खाली मऊ पडून तपकिरी झाला असेल आणि मुळांकडचा भाग अजून पांढरट असेल, तर कोंब मातीखाली गाडला जाऊन कुजला आहे. आतला भाग कोरडा, पोकळ आणि चिपाडासारखा असेल, तर रोप वाटेतच सुकले होते आणि आपण मेलेलेच रोप लावले. क्राऊन टणक आहे, परंतु आत लालसर-तपकिरी रेघा संगमरवरासारख्या पसरल्या आहेत, असे दिसले तर तो अँथ्रॅक्नोज नावाचा बुरशीजन्य रोग असण्याची शक्यता जास्त. तो बहुधा रोपवाटिकेतूनच रोपाबरोबर येतो आणि तसे असल्यास त्या मातीत पुन्हा स्ट्रॉबेरी लावू नये. क्राऊन पांढरा आणि मुळांची टोके मात्र जळाल्यासारखी काळी असतील, तर संशय खतावर घ्यावा. आपल्या बाबतीत मधला कोंब आधी काळा पडला असल्याने माझा अंदाज पहिल्या कारणाकडे झुकतो, आणि उरलेल्या सहा रोपांची वाढ थांबण्यामागे डीएपी असावे.

आता तारखेविषयी. आपल्याकडे स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणी डोळ्यांसमोर येते. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, म्हणून रोपे विकणारेही त्याच सुमारास पार्सले पाठवू लागतात आणि आपण ती त्याच वेळी लावून मोकळे होतो. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि नागपूर जेमतेम 310 मीटरवर. तिथला सप्टेंबर गारव्याचा असतो. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटी पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि तो गेला की लगेच ऑक्टोबरची उकाड्याची दुपार सुरू होते, पारा 32 ते 34 अंशांवर जातो, आणि वरून तापलेली, आतून चिंब अशी काळी माती त्या दुबळ्या रोपाच्या गळ्याशी येते. मुळे नसलेल्या रोपासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

हिवाळ्यात फळणारे जे वाण आपल्याकडे मिळतात, उदाहरणार्थ स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा किंवा चँडलर, त्यांना फुलकळी धरण्यासाठी लहान दिवस आणि गारवा लागतो. दिवस साधारण 12 ते 14 तासांहून लहान असावा लागतो आणि हवा जितकी उष्ण, तितका दिवस अधिक लहान असावा लागतो. रात्रीचे आणि दिवसाचे तापमान खाली आले की ही अट सैल होते. नागपुरात डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि किमान तापमान 12-13 अंशांच्या आसपास असते, म्हणजे रोपाला हवे ते सगळे आपल्याकडे आहे, फक्त ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच आहे. मार्चमध्ये कमाल तापमान 36 अंशांकडे सरकते, फळे लहान आणि आंबट होऊ लागतात आणि रोप फुलांऐवजी लांब दोऱ्यासारखी धावती खोडे, म्हणजे रनर, सोडू लागते. म्हणून माझा नियम असा आहे की पाऊस निघून गेल्यावर दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा पहाटे पंखा बंद करावासा वाटतो तेव्हा, लागवड करावी. कॅलेंडरवर हा काळ साधारण 25 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर असा येतो. या काळात लावलेल्या रोपांना मला बहुधा डिसेंबरच्या मध्यास फुले आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिली फळे मिळतात. नोव्हेंबर संपल्यावर लावलेली रोपे जगतात, अगदी छान जगतात, पण फळे द्यायला लागतात तोच ऊन तापते.

इथेच आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पहिल्या वर्षी सगळी फुले खुडून टाकावीत म्हणजे दुसऱ्या वर्षी रोप भरभरून फळते, असा सल्ला आपल्या वाचनात आला असेल. तो थंड देशांसाठी बरोबर आहे, कारण तिथे तेच रोप जमिनीत तीन-चार वर्षे राहते. आपल्याकडे दुसरे वर्ष बहुधा येतच नाही. मधे मे महिना आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, आहेत. तो सल्ला मी एकदा पाळला आणि संपूर्ण हिवाळाभर हिरवीगार पाने पाहत बसलो. आता मी एवढेच करतो की रोपावर पाच-सहा चांगली नवी पाने येईपर्यंत दिसणारी फुले खुडतो, त्यानंतर हात लावत नाही.

उघड्या मुळांचे रोप म्हणजे काय हे नीट समजले की पुढची काळजी आपोआप सुचते. मातृवेलीच्या रनरवर तयार झालेले रोप जमिनीतून काढून, माती झटकून, पुष्कळदा पाने छाटून, ओलसर मॉसमध्ये किंवा कागदात गुंडाळून पाठवलेले असते. काढताना त्याची अन्नपाणी शोषणारी बारीक केसासारखी मुळे जवळजवळ सगळी तुटतात. उरतात त्या जाड मुळ्या आणि क्राऊनमध्ये साठवलेले थोडे अन्न. त्या शिदोरीवर त्याला नवी मुळे आणि नवी पाने दोन्ही काढायची असतात. म्हणून पार्सल आले की त्याच दिवशी उघडावे, संध्याकाळची वाट पाहावी लागली तर सावलीत ठेवावे, आणि एकेक रोप हातात घेऊन पाहावे. चांगल्या मुळ्या फिकट तपकिरी, लवचीक असतात आणि नखाने खरवडल्यास आत पांढऱ्या दिसतात. काळ्या, बुळबुळीत, कुबट वास येणाऱ्या मुळ्या छाटून टाकाव्यात. सगळ्याच तशा असतील तर ते रोप लावण्याच्या फंदात पडू नये आणि फोटो काढून विक्रेत्याला पाठवावा. क्राऊन निदान पेन्सिलीएवढा जाड आणि दाबल्यास टणक असावा. मला एका विक्रेत्याकडून एकदा 50 रोपे आली होती, त्यांतली 19 बोटाने दाबताच फुसकी निघाली. तेव्हापासून मी मोजून आणि दाबून घेतल्याशिवाय एकही रोप मातीत घालत नाही.

त्याच दिवशी लावणे शक्य नसेल तर मुळ्या ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत सैल बांधून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आठवडाभर ठेवता येतात. कागद ओलसर असावा, पाणी गळणारा नसावा. लावण्याआधी मुळ्या साध्या पाण्यात अर्धा तास बुडवाव्यात, फार तर तासभर. रात्रभर भिजत घालू नयेत, कारण मुळांनाही हवा लागते. याच पाण्यात लिटरला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची पावडर, मी घालतो. तिने रोगट रोप बरे होत नाही, केवळ निरोगी रोपाला थोडे संरक्षण मिळते, आणि तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक वापरले तर ती स्वतःच मरते. मुळ्या फार लांब असतील तर कात्रीने 10 ते 12 सेंटिमीटरवर छाटाव्यात. याने जीव हळहळतो हे मला ठाऊक आहे, परंतु लांब मुळ्या खड्ड्यात कोंबताना त्यांची टोके वर वळतात आणि तशी वळलेली मुळी कामाची राहत नाही.

आता खोली, जिथे माझ्या मते आपली बहुतेक रोपे गेली. क्राऊनचा खालचा अर्धा भाग मातीत आणि वरचा अर्धा भाग, म्हणजे जिथून कोवळे पान उलगडते तो कोंब, मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. एक सेंटिमीटर जास्त खोल गेले की प्रत्येक पाण्याबरोबर कोंबात चिखल बसतो आणि तो कुजतो. एक सेंटिमीटर वर राहिले की मुळांचा वरचा भाग उघडा पडून सुकतो, आणि नवी मुळे नेमकी क्राऊनच्या बुडाशी फुटत असल्याने त्यांना माती सापडत नाही. मी खड्डा रुंद करतो, त्याच्या मध्यभागी मातीचा छोटा उंचवटा ठेवतो, मुळ्या त्याच्या चारी बाजूंना पसरतो आणि बाजूची माती ओढून दोन्ही हातांच्या बोटांनी घट्ट दाबतो. दाबणे महत्त्वाचे आहे, कारण आत पोकळी राहिली तर मुळी हवेतच लोंबकळते. पहिल्या पाण्यानंतर माती खाली बसते, त्यामुळे पाणी जिरल्यावर पुन्हा सगळ्या रोपांवरून नजर फिरवावी. कोंबावर आलेली माती बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने बाजूला करावी आणि उघड्या पडलेल्या मुळ्यांवर थोडी माती ओढावी. शेवटी एक पान चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावे. रोप हलले तर पुन्हा दाबावे. सगळ्या कामाला रोपामागे दोन मिनिटे लागतात. यातली घाई नंतर कोणत्याही फवारणीने भरून निघत नाही.

मातीविषयी माझे मत थोडे ठाम आहे आणि काही अनुभवी बागायतदारांना ते पटणार नाही. महाबळेश्वरची माती जांभ्या खडकाची, तांबडी, आम्लधर्मी आणि पाणी चटकन खाली सोडणारी आहे. आपली माती बेसाल्ट खडकापासून झालेली काळी कापसाची माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, पाणी धरून ठेवते, आणि तिचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच, बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर असतो. स्ट्रॉबेरीला 5.5 ते 6.5 सामू मानवतो. त्यातच आपल्या कित्येक वसाहतींतल्या मातीत चुनखडी असते, आणि बांधकामाच्या वेळी पडलेले सिमेंट-चुन्याचे तुकडे तिच्यात भर घालतात. घरच्या घरी पाहायचे असेल तर वाळलेल्या मातीच्या चिमूटभर भुकटीवर पांढरे व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसले तर चुनखडी भरपूर आहे असे समजा. अशा जमिनीत गंधक टाकून सामू खाली आणण्याचा खटाटोप मी तीन वर्षे केला. चुनखडी संपेपर्यंत सामू हलतच नाही, आणि ती संपत नाही. लिंबू पिळून किंवा व्हिनेगर मिसळून दिलेल्या पाण्याचा परिणाम एक-दोन दिवसांपुरता असतो. संत्र्याच्या बागा पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे असेल: कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते झाडाला घेता येत नाही. स्ट्रॉबेरीला ही व्याधी संत्र्यापेक्षाही लवकर जडते.

म्हणून घरच्या बागेत जमिनीशी भांडू नये. जमिनीवर वेगळी माती आणून ठेवावी. विटा किंवा फळ्या लावून 25 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा, अथवा तितक्याच खोलीच्या कुंड्या वा ग्रो-बॅग घ्याव्यात. स्ट्रॉबेरीची मुळे बहुतेक वरच्या 15-20 सेंटिमीटरमध्येच असतात, त्यामुळे याहून खोल भांड्याचा फायदा नाही. बारा रोपांना दोन रांगांत 30 सेंटिमीटर अंतर धरून साधारण 2 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद वाफा पुरतो. भरण्यासाठी मी चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग जुने गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत आणि तीन भाग भाताचे तूस घेतो. भंडारा-गोंदियाकडच्या भातगिरण्यांमुळे तूस आपल्याकडे स्वस्तात मिळते. तूस नसेल तर कन्हान नदीची जाडी रेती चालते, मात्र ती वजनदार असल्याने गच्चीवर वापरताना विचार करावा. कोकोपीटमध्ये मीठ असते. ते भिजवून पिळून पाणी काढण्याची क्रिया निदान तीनदा करावी. ताजे शेणखत अजिबात घालू नये, कारण त्यातून उष्णता, क्षार आणि हुमणीची अळी असे तिन्ही वाफ्यात येतात.

क्षारांविषयी सांगायचे तर भाजीपाल्यातल्या आणि फळांतल्या अतिशय नाजूक पिकांत स्ट्रॉबेरीची गणना होते. टोमॅटो ज्या क्षारतेकडे ढुंकूनही पाहत नाही, त्या क्षारतेत स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा करपतात. नागपुरात पाणी पारखण्याचे साधन घरोघरी आहे: आपल्या कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेरीस पांढरा कडक थर जमत असेल, तर ते पाणी स्ट्रॉबेरीला शक्यतो देऊ नये. पेंच-कन्हानचे नळाचे पाणी बोअरवेलच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे. दुसरा इलाज नसेल तर बोअरवेलचे पाणी द्यावे, पण दहा-बारा दिवसांतून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असे नळाचे पाणी सोडावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. आणि कूलरच्या जुन्या ताट्यांचे गवत आच्छादन म्हणून वाफ्यावर पसरू नये. तो सगळा क्षार मुळांशीच येतो.

डीएपीचे असेच आहे. त्यात 18 टक्के नत्र अमोनियाच्या रूपात आणि 46 टक्के स्फुरद असते. कापसाच्या किंवा तुरीच्या शेतात ते एकरभर पसरते. आपण अर्धा चमचा एका रोपाच्या बुडाशी दिला. अल्कधर्मी काळ्या मातीत त्यातून अमोनिया मोकळा होतो आणि नुकत्याच फुटू पाहणाऱ्या मुळांची टोके जाळतो. लागवडीच्या वेळी स्ट्रॉबेरीला कोणतेही रासायनिक खत देऊ नये. नवी दोन-तीन पाने पूर्ण उलगडल्यावर, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे. फुले येऊ लागली की 13:0:45 त्याच प्रमाणात. पाने शिरा सोडून पिवळी पडली तर लोहाचे चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, द्यावे, पण पाकिटावर ईडीडीएचए हे अक्षर पाहून. ईडीटीए प्रकारचे चिलेट स्वस्त असते, परंतु आपल्या मातीच्या आणि पाण्याच्या सामूत ते लोह धरून ठेवू शकत नाही. खताच्या बाबतीत एवढे पुरे आहे.

लागवडीनंतरच्या दहा दिवसांत पाण्याची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी असते. मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानातून ते उडत राहते, म्हणून मुळांशी पाणी ओतत राहण्याऐवजी पानांवर तुषार द्यावेत. मी लागवड दुपारी चारनंतर करतो, पहिले पाणी भरपूर देतो, आणि पुढे आठवडाभर सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावून तीन-चार वेळा हाताच्या फवारणी-पंपाने हलके फवारे मारतो. माती बोटभर खोल चाचपून ओलसर लागली तर बुडाशी पाणी देत नाही. पहिली दोन-तीन जुनी पाने या काळात वाळतातच, त्याने घाबरू नये. क्राऊनच्या मध्यातून घडी घातलेले कोवळे हिरवे पान वर येताना दिसले की रोप लागले असे समजावे. त्यानंतर जाळी काढून टाकावी, कारण नोव्हेंबर ते जानेवारी त्याला निदान सहा तासांचे ऊन हवे असते, आणि पानांवर पाणी मारणेही बंद करावे. फुले आल्यावर संध्याकाळी पाने ओली राहिली की करडी बुरशी फळांवर बसते. अवकाळी पावसानंतर तर ती ठरलेलीच. तेव्हा बुरशी आलेली फळे आणि खालची जुनी पाने त्याच दिवशी तोडून घराबाहेर टाकावीत.

रोपे लागल्यावर वाफ्यावर आच्छादन करावे, म्हणजे फळे मातीला टेकत नाहीत. प्लास्टिकपेक्षा मला धानाची तणस आवडते; तीन-चार सेंटिमीटरचा थर पुरतो, फक्त क्राऊनभोवती बोटभर जागा मोकळी ठेवावी. गोगलगाय तिच्याखाली लपते हे खरे, पण आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात तिचा फारसा उपद्रव होत नाही. फेब्रुवारीत पानांच्या मागे बारीक जाळे आणि वर फिकट ठिपके दिसू लागले तर तो लाल कोळी असतो. सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारले आणि आठवड्याने निमतेलाची एक फवारणी केली की घरच्या बागेपुरता तो आटोक्यात राहतो. थंडीची मला कधी भीती वाटली नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला, त्या दिवसांत मी रात्री रोपांवर वर्तमानपत्रे पसरली होती आणि पानांना काहीही झाले नाही. भीती वाटते ती बुलबुलांची. फळाचा एक गाल लाल झाला की आपण उद्या तोडू म्हणतो आणि बुलबुल आज येतो. तेव्हा पहिली फळे रंगण्याआधीच जाळी लावावी, परंतु ती मधमाश्यांना आत येऊ देईल इतकी मोठ्या छिद्रांची असावी. फळावर आपण ज्यांना बिया म्हणतो, त्या प्रत्येकीचे परागीभवन झाले तरच तिच्याभोवतीचा गर फुगतो. वाकडी-तिकडी, एका बाजूने आखडलेली फळे दिसली की परागीभवन अपुरे झाले असे समजावे आणि बंदिस्त बाल्कनीत मऊ रंगाचा ब्रश रोज सकाळी फुलांवरून फिरवावा.

रोपामागे फळे किती मिळतील, हे वाण आणि ऊन यांवर अवलंबून आहे. माझ्याकडे चांगले लागलेले रोप जानेवारी ते मार्चमध्ये 15 ते 25 फळे देते, सगळी मोठी नसतात. तोडल्यावर स्ट्रॉबेरी आंब्यासारखी पिकत नाही, केवळ मऊ होते; म्हणून देठापर्यंत पूर्ण लाल झाल्यावरच, सकाळी, देठासह तोडावी. एप्रिलनंतर रोपे वाचवण्याचा प्रयत्न मी तीन उन्हाळे केला, पूर्वेकडच्या भिंतीच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली, दिवसातून तीनदा पाणी देऊन. चाळीसपैकी चार-पाच रोपे जून पाहू शकली आणि तीही पुढच्या हिवाळ्यात नव्या रोपांच्या निम्मीसुद्धा फळली नाहीत. पेटुनिया किंवा डेलिया मार्चअखेर गेल्याचे आपण मनाला लावून घेत नाही, तसेच या रोपाकडे पाहावे. आणि पुढच्या वर्षी पैसे वाचवण्यासाठी बियांची पाकिटे घेण्याचा मोह झालाच, तर आवरावा: बियांपासून आलेले रोप मूळ वाणासारखे निघत नाही, त्याला मोठे व्हायला कित्येक महिने लागतात, आणि निळ्या स्ट्रॉबेरीचे चित्र छापलेल्या पाकिटात तर काय असते हे उगवल्यावरच कळते.

आता आपल्या हातातल्या सहा रोपांचे. ती उपटू नका. क्राऊनभोवतीची माती बोटांनी सावकाश मागे ओढून कोंब उघडा करा, बुडाशी डीएपीचे दाणे अजून दिसत असतील तर वेचून काढा, एकदा भरपूर नळाचे पाणी देऊन उरलेले खत खाली धुऊन जाऊ द्या आणि नंतर वरची माती वाळल्याखेरीज पाणी देऊ नका. बुरशीनाशक नको, खतही नको. दहा दिवसांत मधून कोवळे पान दिसले तर ती रोपे मोठ्या मातीच्या गोळ्यासकट नव्या वाफ्यात हलवा. नाही दिसले तर त्यांची आशा सोडा.

नवी रोपे अजूनही मागवता येतील, कारण नोव्हेंबरचा पहिला आठवडा चालू आहे आणि सातारा जिल्ह्याकडून पार्सल यायला तीन-चार दिवस धरले तरी आपण वेळेत आहात. परंतु आधी वाफा भरून, त्याला दोनदा पाणी देऊन बसू द्या, जाळी टांगून ठेवा आणि मगच पैसे भरा. रोपे दारात आल्यावर कोकोपीट धुवायला घेतले की पुन्हा दोन दिवस जातात. विक्रेत्याला रोपे कोणत्या दिवशी काढली आणि वाण कोणता हे विचारा, सोमवारी रवाना करायला सांगा म्हणजे रविवारी गोदामात पडून राहणार नाहीत, आणि या वेळी 12 पेक्षा जास्त मागवू नका. ट्रेमध्ये वाढवलेली, मुळांभोवती कोकोपीटचा गोळा असलेली रोपे मिळाली तर थोडे जास्त पैसे देऊन निम्मी तशी घ्या. दोन्ही प्रकार शेजारी लावले की कोणते रोप का मागे राहिले, हे आपल्याला डिसेंबरातच दिसेल.